सोसायटीचा खजिनदार, सत्यनारायणाचं व्हाउचर आणि आपली साक्ष

नगरकर_विक्रोळी (धागाकर्ता)

जय ख्रिस्त मंडळी. एरवी मी इथं वाचनमात्र असतो. यंदा मात्र विचारायचंच आहे. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, समितीची मुदतही संपलीय, आणि सेक्रेटरींनी परवा जिन्यात गाठून फर्मान काढलं, "खजिनदार तुम्हीच राहायचं. दुसरं नाव आलं तर मी अर्जच भरत नाही."

राहायला विक्रोळीत, कन्नमवार नगरात, म्हाडाची जुनी इमारत. आमच्या इमारतीत ख्रिस्ती घर एकच. मूळचे नगर जिल्ह्यातले. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, वडील नोकरीसाठी मुंबईला आले. बोली, आडनाव, जेवण सगळं चारचौघांसारखं. नाताळातही आमच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळेच होतात. केक आपला बेकरीतला. त्यामुळे नव्या भाडेकरूला खिडकीत तारा लागेपर्यंत काही पत्ता नसतो.

खजिनदार झालो ते असं. आधीच्या हिशेबांत घोळ होते, ऑडिटरनं शेरे मारले होते, सभेत आरडाओरडा चालला होता. तेवढ्यात तळमजल्यावरचे काका म्हणाले, "यांना करा. ख्रिश्चन माणूस आहे, पैसे खाणार नाही." सगळे हसले आणि मी खजिनदार. घरी आल्यावर बायको म्हणाली, "एवढं कौतुक झालं आणि तोंड का पाडलंय?" पाडलंय, कारण तो भरवसा माझ्यावर नव्हताच. चर्चच्या जमिनींवरून आपल्याच लोकांचे किती खटले कोर्टात पडलेत हे काकांना कुठं ठाऊक? आणि उद्या माझ्या हातून दहा रुपये इकडचे तिकडे झाले, तर ते माझ्या एकट्याच्या नावावर पडणार नाहीत.

आता मुद्दा. दर श्रावणात सोसायटीचा सत्यनारायण असतो. त्याची वर्गणी मी मेंटेनन्सच्या बिलात घालू देत नाही. वेगळं पावतीपुस्तक, ज्याला द्यायची त्यानं द्यायची. (यावरून सुरुवातीला कुरबुर झाली. आता खुद्द सेक्रेटरीच नव्या लोकांना "ऐच्छिक आहे हो" म्हणून सांगतात.) पूजा झाली की व्हाउचर माझ्यापुढं येतं. केळीचे खांब, विड्याची पानं, सुपाऱ्या, हार, रवा-साखर-तूप, गुरुजींची दक्षिणा. बिलं जोडलीयत का बघतो, बेरीज तपासतो, सही करतो. पूजेला बसत नाही, आरतीला हात जोडत नाही; मागं खुर्च्या मांडायला असतो. मग शिऱ्याचा द्रोण हातात येतो.

आमच्या घरसभेत (म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनेच्या बैठकीत) एका बंधूंनी हे काढलं. "सही केलीस म्हणजे पूजेला पैसा तू पुरवलास. आणि शिरा खाल्लास म्हणजे संपलंच." तासभर चर्चा झाली. दोन्हीकडून वचनं निघाली.

त्याच बैठकीत मी आणखी एक गोष्ट सांगितली होती. यंदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचं प्लास्टर काढलंय. तीन दरपत्रकं आली. त्यातला एक ठेकेदार रविवारी दुपारी घरी आला, सुक्या मेव्याचा डबा घेऊन. झाकण उघडलं तर बदामांच्या खाली पाकीट. दारातच परत दिलं. गडी जराही ओशाळला नाही. "साहेब, बाकीच्यांचं पोचलंय, तुमचंच राहिलं होतं," म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी तिन्ही दरपत्रकांचा तक्ता करून नोटीस बोर्डावर लावला. तेव्हापासून समितीतले दोघं माझ्याशी कामापुरतं बोलतात आणि पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरची हवा अधूनमधून आपोआप जाते.

यावर घरसभा काय म्हणाली? "देवाची स्तुती असो, छान केलंत." आणि समाप्तीची प्रार्थना. शिऱ्याला एक तास, पाकिटाला एक वाक्य! हे मला खुपतंय. शेजारी आपल्याला तोलतात ते पाकिटावरून, आणि आपण सगळी अक्कल द्रोणावर खर्च करतो, असं माझं मत झालंय. पटत नसेल तर बिनधास्त सांगा.

तर, परत उभं राहू का? आणि शिऱ्याचं काय?

वसईचा_पोर

दादा, शिरा खा. गरम असतो तेव्हाच चांगला लागतो.

गंमत सोडा. मी रोज विरार लोकलनं चर्चगेटला. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे, टाळ-मृदंगासकट. दसऱ्याला डबा सजवतात. तोरणं, झेंडूच्या माळा, देवीचा फोटो, पेढे. फुलं आणायचं काम माझ्याकडे, कारण आमच्या गावात फुलशेती आहे आणि ओळखीनं स्वस्तात मिळतात. आरती सुरू झाली की मी वरची कडी धरून उभा. कुणी मला टाळ दिला नाही, आणि का म्हणत नाहीस म्हणून विचारलंही नाही. मंडळातल्या एका बुवांनी एकदा विचारलं, "तुमच्यात काय म्हणतात?" मी प्रभूची प्रार्थना म्हणून दाखवली, मीरा रोड ते बोरिवलीच्या दरम्यान. बुवा म्हणाले, "अरे, हे तर सगळं कळतं!" आम्ही देवाशी इंग्रजीत नाहीतर पोर्तुगीजमध्ये बोलतो अशी त्यांची समजूत होती. आता त्यांच्या नातवाला बरं नसलं की मला म्हणतात, "तुझ्यावाल्यालाही सांग."

पाकिटाबद्दल म्हणाल तर आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. तुम्ही त्यांना उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखाल. त्यांची निवड झाली तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काही लोकांनी विरोधही केला होता. वसईतली जुनी माणसं त्यांना ओळखतात ती हरित वसईच्या लढ्यामुळे. गावांचं पाणी आणि हिरवळ वाचवायला झगा घालून रस्त्यावर उतरलेला माणूस. बरोबर चालणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते. २०२४ साली गेले. तुमचा नोटीस बोर्डावरचा तक्ता त्यांना आवडला असता.

जिवंत_झरा

सर्वांना प्रभूच्या नावानं सलाम. सगळे "शिरा खा" म्हणायला लागायच्या आत लिहितो.

तुम्ही बहुतेक जण तीन-चार पिढ्यांचे ख्रिस्ती. मी कल्याणचा, लग्नानंतर विश्वासात आलो. आमच्या घरी मोठा देव्हारा होता, आईच्या अंगात यायचं, नवसाचे बकरे मी स्वतः धरलेत. ते सोडताना घर सुटलं. आई वारली तेव्हा भावांनी खांदा देऊ दिला नाही. त्यामुळे प्रसाद माझ्यासाठी नुसता रवा-साखर राहत नाही. जिभेवर ठेवला की सगळं परत येतं. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १०:२१) सांगतो की प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिता येत नाहीत. मला ते पुस्तकातलं वाक्य म्हणून वाचताच येत नाही.

पाकीट परत केलंत त्याबद्दल बंधूंना सलामच. पण "शेजारी पाकिटावरून तोलतात" म्हणताना तुम्ही शेजाऱ्यालाच न्यायाधीश करून बसवलंत. शेजाऱ्याला कौतुक वाटावं म्हणून प्रामाणिक राहायचं, तर ती साक्ष, म्हणजे जगण्यातून दिलेली विश्वासाची ग्वाही, कुणाची? कुणी बघत नसताना देवासाठी जे सोडतो, त्याचं काय? माझा सल्ला असा, पद ठेवा, पण पूजेच्या व्हाउचरवर सेक्रेटरीला सही करू द्या.

गोराईची_मावशी

मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या कॅथलिकांपैकी, आमच्या गावठाणातल्या क्रुसापुढं लहानपणापासून रोझरी म्हणत आलेली. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा असे कितीतरी क्रूस उभे राहिले, बांद्र्याला, गिरगावात, माझगावला बघा. येणारेजाणारे झेंडूचा हार घालून जातात, रिक्षावाला बोहनीच्या आधी हात जोडतो. आम्ही कधी तो हार काढून टाकला नाही. बांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत मेणबत्ती घेणाऱ्याला कुणी धर्म विचारतं का? मग त्यांच्या घासाची आपल्यालाच एवढी भीती का?

कल्याणच्या बाळाचं दुःख वेगळं आहे हो. त्याला कुणी आग्रह करू नये.

आणि विक्रोळीच्या बाबा, पाकीट परत केलंस ते लेखी आहे का? समितीला पत्र दे आणि पोच घे. तोंडी प्रामाणिकपणाला मुंबईत कुणी विचारत नाही.

जुना_वाचक

गिरगावातला निवृत्त मास्तर. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आल्यास ओलांडून पुढं जा.

धागाकर्त्यांचा एक समव्यवसायी पवित्र शास्त्रातच आहे. रोमकरांस पत्र, अध्याय १६, वचन २३. पौल शेवटी सलाम पोचवतो त्यात एक नाव एरास्त, आणि त्याची ओळख काय दिलीय तर नगराचा खजिना सांभाळणारा. हे पत्र पौलानं लिहिलं करिंथातून, म्हणजे एरास्त करिंथाचा खजिनदार. १९२९ साली तिथल्या उत्खननात रंगमंदिराजवळ फरसबंदीवर कोरलेला लेख सापडला, की एरास्त नावाच्या अधिकाऱ्यानं पदाच्या बदल्यात स्वखर्चानं ही फरशी घातली. तो हाच का, यावर विद्वानांत वाद आहे. तो बाजूला ठेवला तरी रोमन नगराचा कारभार म्हणजे देवळं, उत्सव, खेळ हे सगळं त्यात आलंच. पौल त्याला पद सोड म्हणत नाही. उलट पदासकट त्याचा सलाम रोमला धाडतो.

आता याच करिंथाला पौलानं मूर्तींना वाहिलेल्या अन्नाबद्दल लिहिलंय. जिवंत_झरा यांनी २१ वं वचन दिलं, ते बरोबरच आहे. त्याच अध्यायात २५ ते २७ मध्ये तो म्हणतो, बाजारात विकतात ते चौकशी न करता खा, अविश्वासी माणसानं जेवायला बोलावलं तर पुढं वाढतील ते खा. म्हणजे देवळातल्या पंगतीला बसणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या घरचं खाणं वेगळं, अशी रेघ त्यानं स्वतःच मारलीय. सोसायटीच्या आवारातला सत्यनारायण या रेघेच्या नेमका कुठल्या बाजूला पडतो, हा खरा पेच आहे.

आणि २८ वं वचन तर आपल्याला आणखी अडचणीत टाकतं. कुणी सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. आपल्याकडे प्रसाद तर सांगूनच देतात! पण कारण काय दिलंय बघा. सांगणाऱ्यासाठी, त्याच्या विवेकासाठी. विक्रोळीत द्रोण पुढं करणारी वहिनी आपण खाल्ल्यानं दुखावणार नाही, नाकारल्यानं दुखावेल. घरसभेतला नवा विश्वासी मात्र खाल्ल्यानं अडखळेल. म्हणून कोण शेजारी उभं आहे हे बघितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही, असं माझं वाचन.

जाता जाता, जुन्या करारातल्या २ राजे ५ मधला अरामी सेनापती नामान. कुष्ठातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा असो. अलीशा प्रवचन झोडत नाही. "शांतीनं जा," एवढंच. आमच्या मंडळीत या उताऱ्यावर उपदेश झालेला मला तरी आठवत नाही.

चौथा_मजला

मी ख्रिस्ती नाही, आमच्याच घरी सत्यनारायण असतो. चालेल ना लिहिलेलं?

आमच्या बाजूनं सांगतो. तुम्ही शिरा खाल्ला की नाही हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. "मधुमेह आहे" म्हणणारे अर्धे लोक असतात. नाक मुरडून नाही म्हटलं तर मात्र वर्षभर चर्चा. आणि "ख्रिश्चन माणूस पैसे खाणार नाही" हे ऐकायला गोड असलं तरी त्याचा दुसरा अर्थ काय होतो? बाकीचे खातात, आणि आम्ही ते धरूनच चाललोय. तुमच्या काकांनी ते स्वतःच्या लोकांना विचारायला हवं होतं.

एक मनातली गोष्ट. वडील दवाखान्यात होते तेव्हा ओळखीचं एक ख्रिस्ती जोडपं रोज डबा पाठवायचं. घरचा, कमी मिठाचा, डॉक्टरांनी सांगितला तसा. आम्ही भारावून गेलो होतो. आठवड्यानं डब्याबरोबर एक पुस्तिका आली, आणि वडिलांच्या उशाशी बसून त्यांना ती वाचून दाखवली गेली. वडील बोलण्याच्या स्थितीत नव्हते. त्या दिवसापासून आईनं डबा बंद केला. पुस्तिकेत वाईट काहीच नव्हतं. पण आधीचे सगळे डबे त्यासाठीच होते का, हा किडा डोक्यात शिरला तो गेलाच नाही. चांगली माणसं होती हो. म्हणूनच जास्त लागलं.

रात्रपाळी

चौथा_मजला, तुमचं वाचून लिहायला बसले. मी परिचारिका आहे, बरीच वर्षं पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात. ज्याला उठून जाता येत नाही, त्याच्यापुढं देवाबद्दल बोलायचं नाही, हा माझा नियम. सलाइन लावलेला माणूस "नको" म्हणूच शकत नाही. पुढची सुई माझ्या हातात असते ना. त्याचं "हो" मी कशाला धरून चालू?

जिवंत_झरा दादांनी विचारलं, कुणी बघत नसताना काय? आमच्याकडे अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात. चादरीची सुरकुती काढायची, टाचेखाली उशी सरकवायची, ओलं असेल तर पुसून पावडर. तक्त्यावर वेळ लिहून सही करायची. पहाटे तीनच्या रकान्यात सही आहे पण कूस बदललेली नाही, हे कुणाला कळतं? पेशंट बेशुद्ध, नातेवाईक खाली फरशीवर झोपलेले. जखम दिसते ती काही दिवसांनी, तेव्हा कुणाच्या पाळीत झाली हे सांगता येत नाही. माझा विश्वास किती खरा आहे, याची परीक्षा त्या तीनच्या रकान्यात होते. रविवारच्या उपासनेत मी बरी दिसतेच.

साधुसंत नाही मी. वॉर्डातल्या मावशींवर ओरडते, नातेवाइकांवर तर फार. एका पेशंटच्या बायकोनं विचारलं होतं, "सिस्टर, तुम्ही कामाला लागायच्या आधी ओठ का हलवता?" ड्यूटीवर असल्यानं हसून टाळलं. डिस्चार्जच्या दिवशी रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा तिनं परत विचारलं, मग सांगितलं. पेत्राच्या पहिल्या पत्रात आहेच की, तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्या, सौम्यपणे द्या. कुणी विचारलं तर, हे आपण गाळूनच टाकतो.

नायगावकर_बीडीडी

सगळ्यांचं छान चाललंय. एक कडू विषय मध्ये आणतो.

"शेजाऱ्यांना कळतं की आपण ख्रिस्ती" हे ज्यांना परवडतं त्यांचं बोलणं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. २०२२ ला केंद्रानं या प्रश्नावर न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. या सगळ्यात आमच्या मंडळीतली काही घरं जातीच्या दाखल्यावर एक आणि रविवारी एक अशी जगतात. पोराची शिष्यवृत्ती, पोरीची नोकरी. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात विरघळली असती तर गोष्ट वेगळी होती. ती विरघळत नाही, लग्न जुळवताना आपल्याच लोकांना विचारून बघा.

हे लोक खिडकीत तारा लावत नाहीत. पण चाळीत मयत झालं की सतरंज्या, पाण्याचं पिंप आणि चहाची किटली घेऊन पहिले हेच पोचतात. त्यांना ढोंगी म्हणणारा उपदेश मी एका सभेत बसून ऐकलाय. उपदेशकांचं स्वतःचं घर मात्र एका भल्या पगाराच्या संस्थेवर चालत होतं.

जिवंत_झरा

नायगावकर, तुमच्याशी वाद घालणार नाही. मी स्वतः दाखला परत केला, पण तेव्हा मला मूलबाळ नव्हतं.

रात्रपाळी ताई, तीनच्या रकान्याचं मी आमच्या संगतीत सांगणार, तुमचं नाव न घेता. जुना_वाचक सर, २८ व्या वचनाचं कारण मी नीट वाचलं नव्हतं असं नाही, पण "सांगणाऱ्यासाठी" याचा तुमचा अर्थ मला अजून पटत नाही. सांगणाऱ्याला वाटेल की यांच्या लेखी देव एकच, मग वेगळं काय राहिलं?

जुना_वाचक

प्रश्न रास्त आहे, आणि तो जुना आहे. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली इथं मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढं १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून "देवाचा दरबार" काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. वेगळं काय राहिलं, हे त्यांनाही मिशनमधल्या लोकांनी विचारलंच असणार. पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहारी राहिल्या. इकडचे म्हणायचे धर्म सोडला, तिकडचे म्हणायचे पुरता सोडला नाही. दोन्हीकडची बोलणी खात त्यांनी दुष्काळातल्या मुली-बायकांना केडगावला आसरा दिला. त्या मुलींना हा वाद किती महत्त्वाचा वाटला असेल?

तुमचं-माझं एकमत व्हायलाच पाहिजे असं नाही. तुमच्या शेजारी बसलो असेन तर मी शिरा खाणार नाही, एवढं नक्की.

वसईचा_पोर

सर, मग तुमचा द्रोण माझ्याकडे सरकवा.

रात्रपाळी

वर कुणी अजून "तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात" हा मिठाचा दृष्टांत दिला नाही याबद्दल सगळ्यांचे आभार. आमच्याकडे प्रत्येक पाहुण्या उपदेशकाला तोच सुचतो. मी मुलुंडची, मिठागरं खिडकीतून दिसतात. तरीही पुरे!

नगरकर_विक्रोळी

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. क्रमानं सांगतो.

मावशी, पत्र दिलं. सेक्रेटरींनी पोच द्यायला दोन दिवस काढले, पण दिली. आवक नोंदवहीत क्रमांक पडलाय. आता ते कुणाला "नव्हतंच" म्हणता येणार नाही.

जिवंत_झरा बंधू, शेजाऱ्याला न्यायाधीश केलं हा तुमचा टोला रात्रभर डोक्यात होता. पण मी त्याला काढूही शकत नाही. पैसे त्याचे आहेत, गच्ची गळली तर पाणी त्याच्या छतातून येणार आहे. त्याला विचारायचा हक्क आहेच. व्हाउचरवर मी सही करणार. ती सही एवढंच सांगते की लोकांनी ज्या कामाला पैसे दिले त्याच कामाला ते लागले. उद्या दुसऱ्यानं सही केली आणि हाराच्या बिलात दोनशे रुपये वाढले, तर मी काय, पूजेचं आहे म्हणून डोळे मिटून घेऊ? एरास्तानं निदान बेरीज तरी तपासली असेल. शिऱ्याचं म्हणाल तर वहिनींनी दिलेला द्रोण घेईन. घरसभा आमच्याकडे असेल त्या दिवशी मात्र घरात आणणार नाही. बायकोचं म्हणणं, "तू साखर कमी कर, मग काय ती चर्चा कर." तिचा मुद्दा वैद्यकीय आहे.

चौथा_मजला, डब्याची गोष्ट मी आमच्या पाळकसाहेबांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, महिला मंडळ दवाखान्यात जातं त्यांच्याशी बोलायला हवं. बोलतील तेव्हा खरं. मी मागं लागणार आहे.

नायगावकरांच्या विषयाला वेगळा धागा हवा. तुम्हीच काढा, इथं तो शिऱ्याखाली दबून जाईल.

तर अर्ज भरतोय. सभेत ठराव मांडणार आहे, की जुनी दरपत्रकं रद्द करून नवी सीलबंद मागवायची आणि सर्व सभासदांसमोर उघडायची. तळमजल्याच्या काकांना अनुमोदन द्यायला सांगितलंय. त्यांना एवढंही सांगितलं की या खेपेला "ख्रिश्चन माणूस" वगैरे नको, हिशेब बघा आणि मग हात वर करा. काका म्हणाले, "हिशेब बघायला लागले लोक तर तुम्हाला मत कोण देणार?"

चौथा_मजला

ठरावात आणखी एक घाला. बिलाचे ५ टक्के रोखून ठेवायचे, पावसाळा जाऊ द्यायचा, गळती नसेल तरच सोडायचे. आमच्याकडे हे न केल्यामुळे ठेकेदार फोन उचलत नव्हता.

नगरकर_विक्रोळी

हे उत्तम. ५ की १०? आणि करारात लिहून घेतलं तर स्टॅम्पपेपर कितीचा लागतो?

गोराईची_मावशी

दहा ठेव. आणि एक पावसाळा कशाला, दोन जाऊ दे.